बादलीभर पाणी, गाडीभर धूळ

भद्रावतीत राहणाऱ्याने पांढरी गाडी घेऊ नये, हे मला गाडी घेण्याआधी सगळ्यांनी सांगितलं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी सांगितलं, साळ्याने सांगितलं, आणि ज्या दलालाने ती सेकंडहँड गाडी मला विकली त्यानेही, पैसे मोजून खिशात घातल्यावर, सांगितलं. मी ऐकलं नाही. माझं म्हणणं असं, की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७च्या घरात जातो. पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणजे गाडी आतून कमी तापणार. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असे मुद्दे आपोआप सुचतात आणि ते बरोबरही असतात. फक्त त्यात धूळ धरलेली नसते. महिना व्हायच्या आत गाडी राखाडी झाली, आणि राखाडी रंग ऊन परतवत नाही, शोषतो.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, धूळ कुठे नसते? असते, पण आमची धूळ साधी नाही. तिला घराणं आहे. गावाच्या आजूबाजूला तेलवासा, ढोरवासा, चारगाव, माजरी, बरांज अशा कोळशाच्या खाणी. बहुतेक उघड्या. म्हणजे जमिनीचं झाकणच काढून ठेवलेलं. तिथून कोळसा भरलेले ट्रक रात्रंदिवस जातात, ताडपत्री बांधलेले आणि बांधल्यासारखे दाखवलेले. पलीकडे घुग्गुसचं सिमेंट. चंद्रपूरच्या बाजूला दुर्गापूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळून आमचा देशात चौथा नंबर आला होता. जिल्ह्याला एवढे मार्क बोर्डाच्या परीक्षेत कधी पडलेले मला आठवत नाहीत.

एकदा मी बॉनेटवरची चिमूटभर धूळ कागदाच्या पुडीत शाळेत नेली आणि प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. मुलं आळीपाळीने बघत होती. कोळशाचे कण काळे, कोनदार, चकाकणारे. रस्त्याच्या मुरमाचे लालसर, ओबडधोबड. आणि मधे मधे अगदी बारीक, गोल गरगरीत, काचेच्या मण्यांसारखे दिसणारे कण, म्हणजे राख. भट्टीत वितळून हवेतच गोठल्यामुळे ती गोल होते. सातवीतला एक पोट्टा डोळा न हलवता म्हणाला, "सर, मस्त दिसून राहिलं. तुमची गाडी लय भारी आहे." मला त्याला रागवायचं होतं, पण माझ्या गाडीचं कौतुक करणारा तो पहिलाच होता.

ही काच, कोळसा आणि मुरूम मी आदल्या दोन महिन्यांत रोज सकाळी कोरड्या फडक्याने, जोर लावून, गोल गोल पुसत होतो. हे मायक्रोस्कोपमधून डोळा काढल्यावर माझ्या ध्यानात आलं. संध्याकाळी गाडी उन्हात तिरकी बघितली. दरवाज्यांवर कोळ्याने संसार मांडावा तशी जाळी पडली होती. हायवेवरच्या वॉशिंग सेंटरच्या पोराला दाखवली, तर त्याने बोट फिरवून एवढंच विचारलं, "सर, पॉलिश पेपरनं पुसता का?"

मग वॉशिंग सेंटरलाच का नाही नेत, हा प्रश्न रास्त आहे. नेली की. फोम मारला, प्रेशरने धुतली, टायरला काळं पॉलिशही लावून दिलं. गाडी अशी निघाली की मला तिच्यात बसायचा संकोच वाटला. पण वॉशिंग सेंटर हायवेवर, घर गावात, आणि मधे कोळशाचे ट्रक. पुढचा ट्रक खड्ड्यात आदळला आणि त्याने ताडपत्रीखालून सुटे पैसे द्यावेत तसा थोडासा कोळसा परत दिला. घरी पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, धुवायला नेणार होता ना?"

केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून यात्रेकरूंच्या गाड्या येतात. देवळाबाहेर उभ्या असतात तेव्हा मी बघून घेतो. येताना आरशासारख्या, जाताना आमच्यातल्या.

तेव्हा गाडी घरीच धुवायची, हे ठरलं. आणि इथे नळीचा प्रश्न आला.

मी भाड्याने राहतो, वरच्या मजल्यावर. गाडी खाली, कुंपणाला लागून. अंगणात घरमालकांची बोअर. मालक, म्हणजे आमचे काकाजी, खाणीतून निवृत्त झालेले. पंप ऑपरेटर होते. खाणीत साचणारं पाणी बाहेर उपसायचं, हे त्यांचं उभ्या नोकरीचं काम. उघडी खाण जितकी खोल जाते तितकी आजूबाजूची विहीर कोरडी पडत जाते, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नसेल. त्यामुळे घर भाड्याने देतानाच त्यांनी एक अट सांगितली होती. "सर, भाडं उशिरा द्याल त चालन जी. पण बोअरले नळी लावाल त नाही चालन."

मला तेव्हा गाडी नव्हती. मी हसून हो म्हटलं.

त्यांचं चुकतही नाही. साध्या बागेच्या नळीतून मिनिटाला बारा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं नळी धरली की दीडशे लिटर. उन्हाळ्यात एवढ्यात त्यांच्या घरचा आणि आमच्या घरचा कूलर दिवसभर चालतो, आणि विदर्भात मे महिन्यात कूलर ही चैन नाही. म्हणून मी बादलीवर आलो. बादल्या वरून भरून आणायच्या. जिन्यावर पाणी सांडायचं. सांडलेलं पाणी मालकीणबाईंना दिसायचं. मग ते पुसायला आणखी एक बादली.

पाण्याचं आणखी एक. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. ४५ डिग्रीत तापलेल्या पत्र्यावर मग ओतला की पाणी खाली जायच्या आत उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. धुऊन झाल्यावर गाडीवर पांढरे ठिपके. देवीच्या साथीतून उठल्यासारखी ती दिसायला लागली. यावर मी एक शास्त्रीय तोड काढली. घरातल्या आरओ मशीनचं फेकून द्यायचं पाणी बादलीत धरून ठेवायचं आणि त्याने गाडी धुवायची. पाणीही वाचलं, गाडीही धुतली. बायकोने कौतुक केलं. ठिपके दुप्पट झाले. आरओ मशीन क्षार काढतं ते कुठे टाकतं, हे मी आठवीला शिकवतो. ते त्याच फेकायच्या पाण्यात टाकतं. म्हणजे मी बोअरचा अर्क काढून गाडीला लावत होतो.

(ठिपक्यांवर उपाय आहे. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून फडक्याने हलकेच पुसायचं आणि लगेच साध्या पाण्याने धुवायचं. त्या साध्या पाण्याने पुन्हा ठिपके पडतात, पण कमी. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी मात्र उत्तम. ते हवेतल्या वाफेचं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आमच्याकडे एसी नाही. समोरच्यांकडे आहे. त्यांच्या एसीखाली माझी बादली ठेवू का, हे विचारण्याइतका मी अजून धीट झालेलो नाही.)

जून उजाडला. मृग लागला. मी कॅलेंडर बघत होतो, आकाश बघत होतो, मोबाइलवर हवामान बघत होतो. माझा बेत आता अगदी निसर्गाला धरून होता. पाऊस येणार हे नक्की दिसलं की गाडीला शाम्पू लावून ठेवायचा. बाकीचं काम वरुणराजा करील. नळी नको, बोअर नको, जिना नको.

एका दुपारी वर्धा नदीच्या अंगाने ढग चढून आले. काळेभोर. वारा सुटला, मातीचा वास आला, वाळत घातलेले कपडे बायांनी पटापट ओढले. मी बादली घेऊन खाली धावलो. सावध माणूस जसा करील तसा मी फेस दाट केला होता, कारण पाणी भरपूर मिळणार होतं. टपापासून सुरुवात करून सगळी गाडी पांढऱ्या फेसात बुडवली. आरसे, चाकं, नंबर प्लेट, काही सोडलं नाही. पहिले चार थेंब पडलेही. मी हात कमरेवर ठेवून वर बघत उभा राहिलो.

ढग वळले. का वळले ते त्यांना माहीत. डोळ्यांदेखत ते आयुध निर्माणीच्या जंगलावरून पुढे सरकले आणि ताडोब्याकडे गेले. मागून ऊन पडलं, नुसतं नाही, पावसाळ्यात ढग सरल्यावर पडतं तसं चटके लावणारं. फेस बसायला लागला. मग चिकटायला लागला. मी बादलीत बघितलं, पाणी संपलेलं. वर नळाला पाणी यायला रात्र होणार होती. काकाजी अंगणात खाट टाकून बसले होते. त्यांनी सगळं पहिल्यापासून बघितलं होतं.

"काय सर," ते म्हणाले, "साबण लावून न्हावी जेवाले गेला वाटते."

त्यांना मी एक बादली बोअरचं पाणी मागू शकलो असतो. त्यांनी दिलंही असतं. पण त्या वाक्यानंतर मागवेना. मी घरातलं फिल्टरचं पाणी काढून आणलं. ते नुसतं शोभेपुरतं झालं. त्या रात्री गाडीवर शाम्पूचे वाळलेले ओघळ होते, त्यांवर सुटलेल्या वाऱ्याची धूळ चिकटली होती, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात एका सहकाऱ्याने गाडीला फेरी मारून विचारलं, "पेंट काढून राहिले का नवीन मारायले?"

पाऊस त्यानंतर आठवड्याने आला. फेस तोवर गाडीचा भाग झाला होता.

मधल्या एका रविवारी मी गाडी मोहर्लीच्या रस्त्याला काढली होती, ते सांगून टाकतो. एका नाल्यात थोडं पाणी अडलं होतं, स्वच्छ, नितळ. पुलाशेजारून गाडी खाली घेता येत होती. बादली हातात होती. ही सगळी ताडोब्याच्या बफरची बाजू, हे मला माहीत होतं, पण माणूस ज्या कामाला निघतो त्याच कामाचं त्याला दिसतं. दोन मग ओतले असतील, मागे मोटरसायकल थांबली. वनरक्षक होता, तरुण. त्याने मला रागावून काही सांगितलं नाही. उतरून आला, ओल्या रेतीत माझ्या बादलीपासून हातभर अंतरावर बोट दाखवलं. पगमार्क. पंजाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या, तळाला पाणी झिरपत होतं.

"सर, इथं तो पाणी प्यायला येते," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडी धुवाले कोणी येत नाही."

नाल्यात शाम्पू सोडणं चूकच होतं, हे त्याने सांगायची वेळ आली नाही. मी काही बोललो नाही. गाडी वर काढली. बादली तिथेच राहिली. ती आता त्याची.

साळा चंदनखेड्याकडे शेती करतो. कपाशी, सोयाबीन, थोडं धान. त्याच्याकडे एकदा गेलो असता ओसरीत टांगलेला फवारणी पंप दिसला आणि मला माझं उत्तर सापडलं. पाठीवर घ्यायचा, बॅटरीचा, सोळा लिटरचा. बटण दाबलं की बारीक, जोरदार धार. सोळा लिटर म्हणजे एक बादली! एका बादलीत अख्खी गाडी धुऊन निघेल, जिन्यावर थेंब सांडणार नाही, आणि नळी म्हणाल तर ती पंपाची स्वतःची. काकाजींच्या अटीत पंपाच्या नळीचा उल्लेख नव्हता. मी साळ्याला म्हटलं, "दोन दिवस देतोस का? गाडी धुतो." तो म्हणाला, "न्या जी भाऊजी." बस, एवढंच बोलणं झालं. पुढे या बोलण्याची शब्दशः उजळणी झाली, म्हणून ते पाठ आहे.

घरी आणल्यावर पंपात पाणी घालून एकदा हलवून ओतून टाकलं. मग भरला, पाठीवर चढवला आणि कुंपणाशी उभ्या गाडीवर फवारणी सुरू केली. खोटं कशाला सांगू, सुंदर झालं. धूळ धारेनेच सैल होऊन ओघळली. मग मऊ फडकं, मग पुन्हा धार. मुलं जमली. काकाजी खाटेवरून उठून जवळ आले, त्यांनी नोझल हातात घेऊन बघितलं आणि मान हलवली. त्या घरात मला मिळालेली ती पहिली आणि शेवटची मान. गाडी पांढरी झाली. उरलेलं तळाचं पाणी मी उदारपणे कुंपणावरच्या झाडांना मारलं. म्हटलं, त्यांच्याही पानांवरची धूळ जाऊ दे.

कुंपणावर मालकीणबाईंची जास्वंद होती. लाल, पाच पाकळ्यांची, गावठी. जुनं झाड, कुंपणाच्या वर गेलेलं. दर चतुर्थीला त्याची फुलं गवराळ्याच्या वरदविनायकाला जात.

सात-आठ दिवसांनी कोवळी पानं वेडीवाकडी यायला लागली. पान रुंद व्हायचं सोडून लांबट, चिरलेलं, शिरा एकमेकींना समांतर झालेल्या. कळ्या पिळवटून गळायला लागल्या. मालकीणबाईंना वाटलं नजर लागली. काकाजींना वाटलं किडा. मी विज्ञान शिक्षक म्हणून लोहाची कमतरता सांगितली आणि एक गंजका खिळा बुंध्याशी पुरायला दिला. पोळा झाला, गणपती तोंडावर आले आणि झाडाने एक फूल दिलं नाही.

साळा पोळ्याचं जेवण राहिलं होतं म्हणून आला. पंपही न्यायचा होता. कुंपणाशी चप्पल काढता काढता त्याने एक फांदी हातात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्यावर टू-फोर-डी कोणी मारलं?"

टू-फोर-डी हे तणनाशक. रुंद पानाच्या तणावर मारतात. कपाशीला त्याचा वाराही चालत नाही. पंपात अगदी कणभर उरलं तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी होतात, हे कापूस पिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. कपाशी, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातली भावंडं, हे मात्र मलाही ठाऊक होतं. दरवर्षी फुलाचे भाग शिकवताना मी वर्गात जास्वंदच नेतो. याच झाडाची.

"भाऊजी, पंपात आधी काय होतं ते विचारलं का तुम्ही?"

"तू सांगितलं नाहीस."

"तुम्ही म्हणले गाडी धुतो. गाडीले काय होते टू-फोर-डीनं?"

गाडीला खरंच काही झालं नव्हतं. तीच तेवढी टवटवीत उभी होती.

तो पंप साध्या पाण्याने एकदा खळबळून सुटत नाही. धुण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवावा लागतो, नळी-नोझलसकट पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि शहाणा शेतकरी तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवतो. साळ्याचाही वेगळा होता. ओसरीत टांगलेला होता तो तोच. दुसरा, कीटकनाशकाचा, तेव्हा वावरात होता.

मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत. काकाजी संध्याकाळी वर आले. मी भाड्याचं घर शोधायची मनाची तयारी करून दार उघडलं. त्यांच्या हातात हिरव्या नळीचं वेटोळं होतं. "सर," ते म्हणाले, "पावसाळा आहे, बोअरले पाणी आहे. दिवाळीलोक नळी लावा. पण ते पाठीवरचं आणू नका." नळी लावून बघितली. ती गाडीपासून पाच-सहा फूट अलीकडे संपते, आणि अंगठ्याने तोंड दाबून धार लांब केली तर ती आधी जास्वंदीवर पडते. मी नळी गुंडाळून परत दिली.

आता मी दोन बादल्या वापरतो. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं, म्हणजे राख आणि कोळसा साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बसतो, गाडीवर फिरत नाही. धुवायच्या आधी मगाने नुसतं पाणी सोडून धूळ भिजू द्यायची. टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी. ऊन चढायच्या आत, पत्रा गार असताना. वाळू न देता लगेच टिपायचं. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही, कोणी कितीही मायक्रोफायबर म्हणून विकलं तरी. तीस लिटरांत काम होतं. गाडी दुपारपर्यंत पांढरी राहते.

झाड मात्र गेलं. खालून फुटेल म्हणून बुंधा ठेवला होता, फुटला नाही. तेव्हा एक विनंती. लाल, पाच पाकळ्यांची, गावठी जास्वंद कोणाकडे असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची दोन-तीन कलमं द्यावीत. दुहेरी नको, गुलाबी नको, मालकीणबाई परत पाठवतात. भद्रावती, वरोरा, चंद्रपूर, कुठेही येऊन घेऊन जाईन. गाडी आहे. फक्त ती ओळखायची झाली तर पांढरी म्हणून शोधू नका.